पांढऱ्या व्हॅनचं तेल उत्तम आहे

३ जानेवारी, सकाळी ७.१०

काल संध्याकाळी घडलं ते क्रमाने.

१. सव्वासात वाजता दादाने वहिनीच्या पांढऱ्या व्हॅनमधलं तेल दोन बोटांत चोळलं, हुंगलं आणि जाहीर केलं, अजून हजार किलोमीटर चालेल.

२. मी म्हटलं, हे नाकाला कळत नसतं. त्यासाठी लॅब असते. मी तशा लॅबमध्ये चार वर्षं काम करते.

३. तो म्हणाला, त्याच्या नाकाचं कॅलिब्रेशन वीस वर्षांचं आहे. ‘कॅलिब्रेशन’ हा शब्द त्याने माझ्याकडून उचलला आहे.

४. सिंथेटिक तेलाचा विषय निघाला. मी काढला नाही. निघाला.

५. तो म्हणाला, अडीचपट किंमत मोजून तेच चार लिटर. मी म्हटलं, तिप्पट अंतर टिकतं, जरा हिशेब कर. तो म्हणाला, हिशेब तेलाच्या कंपनीने केलाय, तू फक्त पाठ केलास.

६. एक फनेल भिंतीवर आपटलं. मी फेकलं नाही. हातातून वेगाने सुटलं.

७. बाबांनी खुर्चीतून न उठता सांगितलं की दोन व्हॅन आहेत, करून बघा, आणि तोवर माझं डोकं खाऊ नका.

मी पूर्ण वेळ शांत होते.

४ जानेवारी, दुपार

करार तयार. दोन पानं, तीन सह्या. मुद्दे:

वहिनीच्या लाँड्रीच्या दोन व्हॅन, एक पांढरी, एक करडी. एकाच वर्षाच्या, नऊ वर्षं जुन्या, दोन्ही आयुष्यभर साध्या मिनरल तेलावर चाललेल्या. पांढरी वहिनी चालवते, करडी ड्रायव्हरकाका. पांढरीत माझं सिंथेटिक तेल, पंधरा हजार किलोमीटर न बदलता. करडीत दादाचं मिनरल, दर पाच हजाराला बदलून.

मी बरोबर ठरले तर गॅरेजकडे सर्व्हिसिंगला येणाऱ्या कुरिअर कंपनीच्या अकरा व्हॅनचं सर्व्हिसिंग माझ्या पद्धतीने होणार. मी नोकरी सोडून आमच्या घरच्या गॅरेजमध्ये भागीदार, आणि जुने टायर भरलेली मागची खोली माझी टेस्टिंग रूम. ही खोली मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून मागते आहे.

मी चुकले तर तळमजल्यावर, म्हणजे गॅरेजमध्ये, ‘तेल’ हा शब्द मी पुन्हा उच्चारायचा नाही. हे कलम दादाने स्वतःच्या हाताने लिहिलं. पेन इतकं दाबलं की खालच्या पानावरही उमटलं.

मला या कलमाची काळजी नाही. ते लागूच होणार नाही.

६ जानेवारी, सकाळी ६.३०

पांढरीत तेल भरलं. चार लिटर, मोजून. दादा दारात हात पुसत उभा होता. म्हणाला, जुनं इंजिन आहे, तेलाच्या चेंबरचं गॅस्केट, ते सांध्याचं पॅकिंग, मळावरच टिकून आहे, म्हातारीला एकदम भारी औषध देऊ नको. मी विचारलं, याला संदर्भ काय? तो म्हणाला, संदर्भ समोर उभा आहे, नऊ वर्षं मीच बघतोय तिला.

संदर्भ नाही, असं नोंदवलं.

मग मी सील लावली. लॅबमध्ये नमुन्यांच्या पेट्यांना लावतो ती प्लॅस्टिकची नंबरवाली सील. एक तेल भरायच्या झाकणाला, एक खालच्या बोल्टला, एक डिपस्टिकला, म्हणजे तेलाची पातळी बघायची जी लांब पट्टी असते तिला. डिपस्टिकचा नंबर ४४७१. करारात ओळ वाढवली: सील जो तोडेल तो हरला.

दादाचा चेहरा उतरला. मी चोर आहे का, असं त्याने विचारलं. मी सांगितलं, चोर नाहीस, व्हेरिएबल आहेस.

वहिनी हसली. दादा नाही हसला.

सीलचं कारण इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको. सातवीत माझा विज्ञानाचा प्रयोग होता. दोन कुंड्या, दोन वाटाणे. एकाला रोज पाणी, एकाला अजिबात नाही. कोरडा वाटाणा मरायला हवा होता. तो उगवला, वर फूटभर वाढला. दादा रोज शाळेत जाण्याआधी गुपचूप त्याला पाणी घालत होता. बाईंनी माझे अर्धे गुण कापले. सोळा वर्षं झाली. मी कोणावर आकस धरत नाही. मी फक्त सील लावते.

७ जानेवारी

संकल्प: निकाल लागेपर्यंत घरात तेलावर एक शब्द नाही. माझ्या वतीने डेटा बोलेल.

७ जानेवारी, दुपार

दादाला खाली जाऊन फक्त एवढंच सांगितलं की मी आता या विषयावर एक शब्द बोलणार नाही. हे सांगायला चाळीस मिनिटं लागली. त्याने मध्ये मध्ये तोंड घातलं म्हणून.

२५ जानेवारी, रविवार

आईने जेवणाच्या टेबलावर ‘तेल’ शब्दावर बंदी घातली आहे. स्वयंपाकाच्या तेलालाही आता ‘ते’ म्हणायचं. दादा मला म्हणाला, बाटलीबाई, जरा ‘ते’ इकडे दे. मी दिलं नाही. हे बालिश नव्हतं. बाटली माझ्यापासून दूर होती. त्याच्याही जवळ नव्हती, हे खरं, पण तो मुद्दा नाही.

१४ फेब्रुवारी, सकाळी ७

करडीचं बोनेट उघडं. दादा रोजच्या डब्यातून तेल ओतत होता. विचारलं तर म्हणाला, दर शनिवारी बघतो, थोडं कमी असतं, थोडं घालतो. किती घालतोस? म्हणाला, पट्टीवरच्या रेषेपर्यंत. मिलिलिटरमध्ये किती? त्याने माझ्याकडे पाहिलं आणि शिट्टी वाजवत राहिला.

त्याला मोजपात्र आणून दिलं. आजपासून मोजून घालायचं. मागच्या शनिवारांचं त्याच्या अंदाजाने लिहून घेतलं.

म्हणजे मिनरल तेल दर आठवड्याला खर्च होतं! पांढरीत आजपर्यंत एक थेंबही घालावा लागलेला नाही. निकाल सहाव्या आठवड्यातच दिसायला लागला. डोकं थंड ठेवायचं.

२६ फेब्रुवारी

वहिनीची तक्रार. सकाळी गाडी सुरू केली की आतून टिकटिक ऐकू येते, मग थांबते. मी विचारलं, आधी यायची का? म्हणाली, आधी कधी लक्ष दिलं नाही. म्हणजे आता लक्ष देते आहे म्हणून ऐकू येतं. गॅरेजवाल्याशी लग्न केलं की कान असे होतात. मी हे वहिनीला सौम्य शब्दांत सांगितलं. तिने माझ्या हातात इस्त्रीच्या चादरींचा गठ्ठा दिला आणि हॉस्पिटलच्या तिसऱ्या वॉर्डचा आहे एवढंच म्हणाली.

संध्याकाळी दादाने निरोप पाठवला की सील काढ, फक्त पट्टी बघतो आणि परत घालतो. मी उत्तर पाठवलं: अर्ज लेखी द्यावा, कारणासह.

त्याने लेखी दिला. डब्याच्या पुठ्ठ्यावर: ‘टिकटिक.’

नामंजूर. कारण व्यक्तिनिष्ठ आहे.

७ मार्च, सकाळी ६

पाच हजार पूर्ण. पहिलं सॅम्पल. पद्धत नोंदवते: सील मी काढायचं, डिपस्टिक फडक्यात धरूनच बाहेर ओढायची आणि न पाहता पुसायची, पातळी बघायची नाही. बघितलं की मत बनतं, मत बनलं की माणूस चांगलं सॅम्पल शोधायला लागतो. मग त्या जागेतून बारीक नळी आत, हातपंपाने शंभर मिली बाहेर, पट्टी परत, नवं सील. नंबर ४४८९.

दादा दारात उभा होता. मी पट्टी पुसताना म्हणाला, अगं बघ तरी. मी बघितलं नाही. असा संयम त्याच्याकडे कधीच नव्हता.

११ मार्च

रिपोर्ट आला. मीच केला. व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, नव्या तेलाइतकी. आम्लता नगण्य. मळ नाही. छापील प्रत गॅरेजच्या फळ्यावर लावली, दादाच्या स्पॅनरच्या हुकांच्या बरोबर वर.

संध्याकाळी प्रत उलटी लावलेली होती. कोरी बाजू वर, त्यावर ग्राहकाचा फोन नंबर.

दुसरी प्रत लॅमिनेट करून लावली.

३० मार्च

ड्रायव्हरकाकांनी जिन्यात थांबवलं. ताई, राग मानू नका, पण पांढरी उभी असते तिथे फरशीवर डाग दिसतो. मी सांगितलं, एसीचं पाणी असतं, काका. ते म्हणाले, पाणी काळं असतं का? मी म्हटलं, फरशी काळी आहे. ते हो हो म्हणाले आणि वर गेले. काही माणसांना समजावून सांगितलं की समजतं.

२ एप्रिल

तरी खात्री म्हणून पांढरीखाली पांढरा पुठ्ठा ठेवला. सकाळी त्यावर बशीएवढा तपकिरी डाग. शक्यता:

अ) करडी तिथे लावली होती.
आ) दादाने मुद्दाम ओतलं.
इ) पुठ्ठा आधीच डागाळलेला होता.

‘इ’ ची शक्यता कमी, कारण पुठ्ठा मी स्वतः तपासून ठेवला होता. ‘अ’ वहिनीने नाकारली. उरली ‘आ’. अपेक्षितच. पुठ्ठा काढून टाकला, म्हणजे त्याला पुन्हा संधी नको.

दादाने दुसऱ्यांदा पट्टी बघायची परवानगी मागितली. यावेळी बाबांमार्फत. मी बाबांना सांगितलं, तोच डाग पाडतो आणि तोच चौकशी मागतो, हे पटतं का तुम्हाला? बाबा म्हणाले, मला एवढंच पटतं की तुम्हा दोघांना एकाच दिवशी बालवाडीत परत घालायला हवं.

१८ एप्रिल, शनिवार

आलेख पूर्ण. दोन स्तंभ. वरून घालावं लागलेलं तेल: करडी २,३०० मिली, पांढरी ०. रंगीत प्रिंट, जाड कागद. नव्वद दिवसांहून जास्त डेटा. कुरिअर कंपनीला दाखवायला हेच पान पुरेसं आहे.

बाबांना खुर्चीत नेऊन दिला. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. मग विचारलं, “हे शून्य कोणी मोजलं?”

मी समजावलं. शून्य मोजावं लागत नाही, बाबा. काही घातलंच नाही तर ते शून्यच.

त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि पेपर उघडला. वयानुसार आकड्यांत रस कमी होतो.

१९ एप्रिल

मागच्या खोलीचं माप घेतलं. तीन मीटर दहा गुणिले दोन मीटर पंचाऐंशी. टायरमुळे एक कोपरा मोजता आला नाही. टेबल खिडकीखाली, सिंक डावीकडे, बाटल्यांचं रॅक दाराजवळ. लॅबमध्ये राजीनाम्याचा मसुदा लिहिला. तारीख मोकळी ठेवली आहे. मी उतावीळ नाही.

७ मे, सकाळी ६

दहा हजार पूर्ण. दुसरं सॅम्पल. पंप नीट ओढत नव्हता. नुसती हवा येत होती. नळी आणखी बरीच आत सारावी लागली, मग कसंबसं शंभर मिली आलं. पंपाचा वॉशर गेला आहे. नवा मागवला.

पट्टी न पाहता पुसली. सील ४५१२.

११ मे

रिपोर्ट पुन्हा उत्तम. आमच्या लॅबच्या मॅडमनी सही करताना विचारलं की नमुना भरायला वेळ का लागला. मी पंपाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, पंपाचं असेल. त्या अनुभवी आहेत.

१६ मे

वहिनी म्हणते, डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा लुकलुकतो. मी नीट चौकशी केली. सरळ रस्त्यावर लागत नाही. फक्त वळणावर लागतो, वळण संपलं की विझतो. उघड आहे. वायर सैल आहे, वळताना हलते. वहिनीला सांगितलं, वळणं जरा हळू घे.

तिने विचारलं, “तुला खरंच वायर वाटते?”

मी हो म्हटलं. पहाटेची चादरींची गाडी हॉस्पिटलला सहाच्या आत पोचावी लागते, एकदा उशीर झाला तर लेखी ताकीद, दुसऱ्यांदा काम बंद, हे ती मला सांगत बसली. मी म्हटलं, म्हणूनच तर मी तुला सर्वांत चांगलं तेल दिलंय.

१७ मे, रविवार, सकाळी ११

दादा वर आला. तो दुसऱ्या मजल्यावर, माझ्या खोलीत, वर्षानुवर्षं आलेला नाही. उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. हात धुऊन आला होता, तरी नखांत काळं होतंच.

त्याने आवाज चढवला नाही. म्हणाला, “सील काढ. एकदा पट्टी बघू दे. मी हरलो असं लिहून देतो.”

मी विचार केला. पूर्ण एक मिनिट. त्याला असं सहज सुटू देणं योग्य नव्हतं. चार महिने मी ज्याच्यासाठी थांबले ते तो दारात उभा राहून भीक घातल्यासारखं देणार, आणि पुढची चाळीस वर्षं म्हणणार, मीच सोडून दिलं होतं. मी सांगितलं, लिहून दिलेली हार हा डेटा नसतो. चार हजार शंभर किलोमीटर उरले आहेत. तेवढं थांब.

तो म्हणाला, तू तोडलंस तर तुझं, मी तोडलं तर माझं, आणि गाडी मात्र माझ्या बायकोची. गेला.

भावनिक दबाव. नोंद केली. दिवसभर चांगलं वाचन झालं. एकाच पानाचं, पण सखोल.

२३ मे, शनिवार, सकाळी ९

१. पहाटे पाच पन्नासला उड्डाणपुलाच्या चढावर पांढऱ्या व्हॅनचं इंजिन जाम होऊन बंद पडलं. ११,४१२ किलोमीटर.
२. वहिनी सुखरूप. मागून येणाऱ्या ट्रकने वेळेत ब्रेक लावला.
३. चादरी करडीतून गेल्या. एक तास दहा मिनिटं उशिरा. लेखी ताकीद आली.
४. दादाने व्हॅन ओढून आणली.

हे इंजिनाच्या वयामुळे झालं असण्याची शक्यता जास्त आहे.

२३ मे, दुपार

सगळे खाली जमले. मी सील तपासली. तिन्ही शाबूत, तिन्ही नंबर माझ्या वहीप्रमाणे. कोणीही हात लावलेला नव्हता. हे मी सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं. तेव्हा मला बरं वाटलं होतं.

सील मीच कापली. दादाने खालचा बोल्ट सोडला. मी लॅबचं मोजपात्र धरलं, कारण मोजमाप अचूक हवं. तेल आलं, चांगलं आलं, मग धार बारीक झाली, मग थेंब, मग काही नाही. मी आणखी पाच मिनिटं पात्र धरून ठेवलं. फिल्टरमधलंही त्यात निथळवून घेतलं.

सहाशे मिली.

चार लिटरपैकी.

ड्रायव्हरकाका हळूच घसा खाकरले. बाबांनी शून्याचा प्रश्न पुन्हा विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं. माझ्याकडे उत्तर तयार होतं.

दादाने करडीच्या दिशेने बोट दाखवलं आणि वहिनीला म्हणाला, मला नाही म्हणाला, की दोघींचं गॅस्केट तीन वर्षांपासून झिरपतंय. दर शनिवारी दोघींचं बोनेट उघडायचो, दोघींत थोडं थोडं घालायचो. हे काय सांगायचं काम आहे का? गॅस्केट बदलायला आख्खा दिवस गाडी उभी करावी लागते आणि तुला दिवस मोकळा नसतो, म्हणून घालत राहायचो. तेल कमी झालं की वळणावर एका बाजूला जातं, दिवा लागतो.

मी विचारलं, हे जानेवारीत का नाही सांगितलंस? त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “व्हेरिएबल बोलत नसतात.”

२६ मे

शेवटच्या सॅम्पलचा रिपोर्ट. व्हिस्कॉसिटी उत्तम. आम्लता नगण्य. धातूचे कण प्रचंड, पण ते कण तेलाचे नाहीत, इंजिनाचे आहेत. धातू वगळता तेल आणखी सात हजार किलोमीटर सहज चाललं असतं.

मॅडमनी सही केली. म्हणाल्या, नमुना छान आहे, बाकीचं तेल कुठे आहे?

रिपोर्ट लॅमिनेट केला. फळ्यावर लावायला खाली नेला. जिन्यावरून दादा दिसला. तो पांढरीच्या खाली उताणा पडला होता, फक्त बूट बाहेर. वहिनी करडीत गठ्ठे भरत होती. आता दोन्ही गाड्यांचं काम एकटी करडी करते, म्हणून ती चार वाजता उठते. मी परत वर आले. लॅमिनेशन थोडं वाकडं झालं होतं, म्हणून.

२८ मे

हिशेब मांडला. पांढरीतून ३,४०० मिली गेलं. करडीत तेवढ्याच शनिवारांत घातलेलं तेल: ३,२१० मिली. फरक १९० मिली. म्हणजे सिंथेटिक जास्त पाझरतं का? तर नाही. २०० मिली मीच सॅम्पल म्हणून काढलं होतं. ते वजा केलं की दोन्ही गाड्या जवळजवळ सारख्याच गळतात.

निष्कर्ष: अडीचपट किमतीचं तेल परवडतं की नाही, या मूळ प्रश्नाचं उत्तर या प्रयोगातून मिळत नाही. साडेचार महिन्यांत एवढंच सिद्ध झालं की बोनेट उघडणारा माणूस परवडतो.

शेवटचं वाक्य शास्त्रीय नाही. खोडायचं. नंतर खोडेन.

३० मे, शनिवार, सकाळी ७

खाली गेले. करडीचं बोनेट उघडलं. दादा बाहेर होता. पट्टी काढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली आणि बघितली. रेषेच्या बोटभर खाली. घातलं. १७० मिली.

वहिनी चावी घेऊन आली. बाजूला उभी राहिली. निघताना म्हणाली की तो पुढच्या रविवारी इंजिन उघडणार आहे, मागच्या खोलीतले टायर काढून तिथे जागा केली आहे.

खोली मी पुन्हा मोजली. टायर नसताना तीन मीटर दहा गुणिले तीन मीटर वीस आहे. माझं माप चुकलं होतं.

३१ मे, रविवार

राजीनाम्याचा मसुदा फाडला. दादाला पत्र लिहायला घेतलं. पहिला खर्डा: सहा मुद्दे, त्यात गॅस्केटची माहिती दडवून ठेवल्याबद्दल दोन. दुसरा खर्डा: चार मुद्दे. तिसऱ्यात ‘परिस्थितीजन्य’ हा शब्द तीनदा आला. फाडला. आत्ता खाली सरकवला तो हा. प्रत इथे ठेवते.

दादा,

पांढरीच्या पट्टीला सील मी लावलं होतं. तू तीनदा मागितलंस, मी तीनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा तू हरायला तयार होतास, तरी नाही म्हटलं. वहिनी त्या पुलावर होती ती माझ्यामुळे.

करारातलं कलम मान्य आहे. तळमजल्यावर मी तो शब्द उच्चारणार नाही. करडीचं दर शनिवारी मी बघत जाईन. त्यासाठी बोलावं लागत नाही.

आणखी एक. सातवीतला तो वाटाणा सुकत होता, हे मलाही दिसत होतं.

सात तारखेला तू इंजिन उघडशील तेव्हा मला यायचं आहे. दिवा धरीन. बोलणार नाही. येऊ की नको, एवढंच शुक्रवारपर्यंत कळव.